अपक्ष मतदार आणि अमेरिकेतली प्रायमरी: तिकीट ठरतं तेव्हा आपण कुठे असतो?

कृष्णाकाठ (फिलाडेल्फिया)

१६ मे २०२३, मंगळवार. कामावर जायच्या आधी मत देऊन टाकावं म्हणून सकाळी सातलाच केंद्रावर पोचलो. नागरिक झाल्यानंतरची माझी पहिलीच प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. महापौर ठरणार होता, नगर परिषदेच्या जागा होत्या. दोन महिने मी उमेदवारांच्या चर्चा ऐकत होतो, दाराच्या कडीला अडकवलेली पत्रकं जपून ठेवत होतो. टेबलामागच्या आजींनी वहीत माझं नाव शोधलं, नावापुढच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, तुला फक्त प्रश्न मिळतील."

म्हणजे काय, ते यंत्रापुढे उभा राहिल्यावर कळलं. आमच्या शहरात मतदानाचं यंत्र टीव्हीएवढ्या पडद्याचं असतं. त्यावर शहराच्या सनदेत अमुक दुरुस्ती करावी का, तमुक करावी का, एवढे प्रश्न आणि त्यांच्यापुढे हो-नाही. बाकी पडदा रिकामा. महापौरपदाचं एकही नाव नाही. मतदार नोंदणीच्या अर्जावर मी 'कोणताही पक्ष नाही' या चौकटीत खूण केली होती आणि पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंदिस्त असते. डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर डेमोक्रॅट उमेदवारांतून निवड करता येते, रिपब्लिकन म्हणून असेल तर रिपब्लिकनांतून. ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांना फक्त प्रश्न.

यात काय मोठंसं, खरी निवडणूक नोव्हेंबरात असतेच की, असं कुणाला वाटेल. मलाही वाटायचं. पण फिलाडेल्फियाने १९४७ नंतर एकही रिपब्लिकन महापौर निवडून दिलेला नाही. मे महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट ज्याला मिळतं तोच महापौर होतो. त्या दिवशी शेरेल पार्कर साधारण एक तृतीयांश मतांवर प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरात अगदी आरामात निवडून आल्या. मी नोव्हेंबरात मत दिलं, पण निर्णय सहा महिने आधीच झाला होता आणि तेव्हा माझ्यापुढे रिकामा पडदा होता.

आता ती खूण मी का केली, ते सांगतो. माझे वडील वाईजवळच्या एका शाळेत मास्तर. प्रत्येक निवडणुकीला त्यांची ड्यूटी लागायची. पेट्या, शाई, लाख, सगळं त्यांच्या ताब्यात. घरात नियम एकच: मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. आई शेवटपर्यंत कुणाला मत देत होती हे आम्हा भावंडांना माहीत नाही. त्या घरातून आलेल्या माणसापुढे सरकारी अर्ज येतो आणि त्यावर 'तुमचा पक्ष कोणता?' असं विचारलेलं असतं. आपल्याकडे पक्षाचं सभासद व्हायचं तर पक्षाच्या माणसाकडे जाऊन पावती फाडावी लागते, सरकार त्यात नसतं. इथे सरकारच यादी ठेवतं आणि प्रचारवाल्यांना ती मिळते. मला ते अंगावर आलं. मी 'कोणताही नाही' लिहून मोकळा झालो आणि आपण योग्य केलं असं समजून तीन वर्षं राहिलो.

असं समजणारा मी एकटा नाही. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला इंडिपेंडंट, म्हणजे अपक्ष म्हटलं. दोन्ही पक्ष तिशीच्या आत. अर्थात पाहणीत तोंडाने सांगणं वेगळं आणि सरकारी यादीतली नोंद वेगळी. पक्षाची नोंद ठेवणारी राज्यं साधारण ३० आहेत, बाकीच्या राज्यांत तो रकानाच नसतो. पण दोन्हीकडे वारं एकाच दिशेने वाहतंय. मॅसॅच्युसेट्समध्ये साठ टक्क्यांहून जास्त मतदार कुठल्याच पक्षात नाहीत. नॉर्थ कॅरोलायनात २०२२ पासून पक्ष नसलेल्यांचा गट सगळ्यात मोठा आहे.

एवढे लोक बाहेर उभे असताना आत तिकीट कोण ठरवतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. तुमच्या राज्यात कसं आहे? तुम्ही कुठली खूण केली होती आणि का, तेही लिहा.

---

जाईजुई (एडिसन, न्यू जर्सी)

कृष्णाकाठ, आमच्या घरातही अगदी हेच. माझ्या सासूबाई तर अजून मानतात की पक्षाचं नाव सांगितलं की पुढे त्रास होतो.

न्यू जर्सीत दार अर्धं उघडं आहे. पक्ष नसलेल्या मतदाराने जूनमध्ये केंद्रावर जाऊन 'मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या' म्हटलं की मिळते. मात्र त्या क्षणापासून तुम्ही त्या पक्षाचे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मत देऊन आले आणि पुढच्या उन्हाळ्यात टपालपेटी पत्रकांनी भरून वाहायला लागली तेव्हा चौकशी केली. परत बिनपक्षी व्हायचं तर आणखी एक अर्ज भरून पाठवावा लागतो. ज्यांची नोंद आधीच दुसऱ्या पक्षात आहे त्यांना मात्र ५५ दिवस आधी बदल करावा लागतो, आयत्या वेळी चालत नाही.

पण आमच्याकडे दारापेक्षा मोठी गोष्ट मतपत्रिकेत होती. तिला 'लाइन' म्हणायचे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पक्षाध्यक्षांनी ज्यांना आशीर्वाद दिला त्या सगळ्यांची नावं, वरच्या सिनेटरपासून खालच्या गावच्या सभासदापर्यंत, एका सरळ रकान्यात. बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात, दोन-तीन रकाने सोडून. माणूस सवयीने पहिल्या रकान्यातून खाली जातो. २१ पैकी १९ काउंट्यांत हे असंच चालायचं. माझ्या मैत्रिणीला तर कोपऱ्यातला उमेदवार त्याच जागेसाठी उभा आहे हेच कळलं नव्हतं. तिने ती मतपत्रिका दोनदा उलटून पाहिली होती.

२०२४ साली अँडी किम सिनेटसाठी उभे राहिले. समोर गव्हर्नरच्या पत्नी टॅमी मर्फी होत्या आणि बऱ्याच मोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष त्यांच्या बाजूने होते. किम कोर्टात गेले. मर्फींनी माघार घेतली तरी खटला चालू राहिला आणि मार्चअखेर न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन बंद केली. २०२५ ची गव्हर्नरपदाची प्रायमरी लाइनशिवाय झाली. मी त्या दिवशी केंद्रावर होते. एका पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार ओळीने. किती साधी गोष्ट आहे, पण ती बघून मला भरून आलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की दार उघडलं तरी आत बसायला कुठे देतात तेही पाहायला हवं.

---

भीमाशंकर (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर)

आमच्याकडची पद्धत सांगतो, अनेकांना ठाऊक नसते.

न्यू हॅम्पशायरमध्ये आम्हा बिनपक्षी लोकांना 'अनडिक्लेअर्ड' म्हणतात आणि आम्ही साधारण चाळीस टक्के आहोत. प्रायमरीच्या दिवशी आत जायचं, एका पक्षाची मतपत्रिका मागायची. मागितली की तुम्ही त्या पक्षाचे झालात. मत द्यायचं, पेटीत टाकायचं. आणि बाहेर पडायच्या वाटेवर आणखी एक टेबल असतं. तिथे सही केली की तुम्ही परत अनडिक्लेअर्ड. मी जेमतेम वीस मिनिटं पक्षात असतो. जानेवारीत, बाहेर बर्फ, जाड कोट घातलेले लोक त्या दुसऱ्या टेबलासमोर रांग लावून उभे असतात, आणि ती रांग बऱ्याचदा पहिल्या रांगेपेक्षा लांब असते.

२००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉन मकेन यांनी इथे जॉर्ज बुश यांना १८ टक्क्यांच्या फरकाने हरवलं ते याच रांगेच्या जोरावर. पण पुढे ज्या राज्यांत पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांचंच वजन होतं तिथे ते मागे पडत गेले. २०२४ ला निकी हेली यांचंही तेच. इथे ४३ टक्के मिळाले, त्यात आम्हा अनडिक्लेअर्ड लोकांचा वाटा मोठा. तेवढ्याने ट्रम्प यांना थांबवता आलं नाही. अपक्ष मतदार एखाद्या राज्यात हवा करू शकतो, पण राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पन्नास राज्यांच्या पन्नास नियमांतून जाते.

---

ऊसाचा_फड (डेस मॉइन्स, आयोवा. मूळ कोल्हापूर)

मी वेगळ्या बाजूने बोलतो. राग नसावा.

आमच्या भागातल्या साखर कारखान्याची निवडणूक कुणी पाहिली असेल तर कळेल. मत सभासदाला. बिगर सभासदही ऊस घालतो, त्याचाही दर त्याच संचालक मंडळावर ठरतो, पण मत त्याला नाही. का? कारण संस्था सभासदांची आहे. पक्ष हीसुद्धा संस्था आहे. तिचा उमेदवार कोण, हे तिच्या माणसांनी ठरवावं. ज्याला पक्षाचं नाव लावून घ्यायचं नाही, पक्षाच्या सभेला जायचं नाही, त्याने त्या पक्षाचा चेहरा कोण असावा हे ठरवणं मला पटत नाही.

सुप्रीम कोर्टानेही २००० साली हेच म्हटलं. कॅलिफोर्नियात तेव्हा कुणीही कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला प्रायमरीत मत देऊ शकत होता. कोर्टाने ७ विरुद्ध २ ने ती पद्धत रद्द केली, पक्षाच्या एकत्र येण्याच्या हक्कावर घाला म्हणून. उलट १९८६ च्या कनेटिकटच्या खटल्यात पक्षालाच बिनपक्षी मतदार आत घ्यायचे होते, राज्याचा कायदा आड येत होता, तेव्हा कोर्टाने पक्षाची बाजू घेतली. दोन्ही निकालांचा अर्थ एकच, घर ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरं. गॅलपचे हे ४३ टक्के म्हणजे मधल्या वाटेने चालणारी माणसं आहेत असं समजू नका. प्यू संस्थेचा २०१९ चा अहवाल पाहा. ३८ टक्के लोकांनी स्वतःला इंडिपेंडंट म्हटलं होतं. त्यातले १७ डेमोक्रॅटांकडे झुकलेले, १३ रिपब्लिकनांकडे. कुठेच न झुकलेले फक्त ७. बाकीचे बहुतेक वेळा एकाच बाजूला मत देतात, फक्त नाव लावून घेत नाहीत.

---

कृष्णाकाठ (फिलाडेल्फिया)

ऊसाचा_फड, राग कसला, हाच मुद्दा कुणीतरी मांडायला हवा होता. झुकलेल्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. मी स्वतःच झुकलेला आहे, त्या ७ टक्क्यांतला नाही.

पण कारखान्याचं उदाहरण एका जागी अडतं. कारखान्याच्या निवडणुकीचा खर्च कारखान्याच्या तिजोरीतून होतो. प्रायमरीचं केंद्र, ते यंत्र, त्या आजींचा त्या दिवसाचा मेहनताना, मतमोजणी, सगळं माझ्या करातून. आणि कारखान्याचा दर पटला नाही तर मी ऊस दुसऱ्या कारखान्याला घालीन. महापौर दुसरा कुठून आणू?

---

ऊसाचा_फड (डेस मॉइन्स, आयोवा. मूळ कोल्हापूर)

खर्चाचा मुद्दा मान्य. मग उपाय असा, की पक्षांनी आपला खर्च आपण करावा. दुसऱ्याला आत घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

(ऊस दुसऱ्या कारखान्याला घालणं किती सोपं असतं ते गावी येऊन बघा एकदा.)

---

अनघा_फ्रीमाँट

कॅलिफोर्नियाचं नाव निघालंच आहे तर पुढची गोष्ट सांगते, कारण ती आमच्या डोळ्यांसमोर घडली.

२००० चा निकाल लागल्यावर इथल्या लोकांनी २०१० मध्ये सार्वमताने वेगळीच पद्धत आणली. आता प्रायमरी पक्षाची राहिलीच नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, सगळ्या मतदारांना तीच यादी, आणि सगळ्यात जास्त मतं मिळवणारे पहिले दोघे नोव्हेंबरात समोरासमोर, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१२ पासून हे लागू झालं.

आमच्या भागात माइक होंडा वर्षानुवर्षं खासदार होते. रिपब्लिकन निवडून येण्याचा प्रश्नच नाही. जुन्या पद्धतीत रो खन्ना यांनी त्यांना आव्हान दिलं असतं तर सगळा निकाल डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागला असता. नव्या पद्धतीत २०१४ च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅट विरुद्ध डेमोक्रॅट अशी लढत झाली. होंडा जिंकले. २०१६ ला पुन्हा तीच जोडी, आणि खन्ना मोठ्या फरकाने जिंकले. आमच्या गल्लीत रिपब्लिकन शेजारी आहेत, कुठलाच पक्ष नसलेले तेलुगू कुटुंब आहे, आम्ही आहोत. सगळ्यांच्या मताला पहिल्यांदाच भाव आला होता. खन्नांची माणसं आमच्या दारावर तीन वेळा आली. त्याआधी कुणी आलं नव्हतं, कारण यादीत आमच्या नावापुढे पक्ष नव्हता.

तोटाही सांगते. २०१२ ला सॅन बर्नार्डिनोकडच्या एका मतदारसंघात डेमोक्रॅटांची संख्या जास्त होती, पण त्यांचे चार उमेदवार उभे राहिले. मतं फुटली, दोन रिपब्लिकन पुढे गेले आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट मतदाराला आपल्या पक्षाचा उमेदवारच उरला नाही.

आणि एक सावधगिरीची सूचना, सगळ्यांसाठी. कॅलिफोर्नियाच्या अर्जावर 'अमेरिकन इंडिपेंडंट' असं एका पक्षाचं नाव असतं. तो एक जुना, कडवा उजवा पक्ष आहे. इंडिपेंडंट शब्द पाहून हजारो लोक तिथे खूण करतात. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने पाहणी केली तर त्या पक्षाच्या चारपैकी जवळपास तिघांची नोंद चुकून झालेली निघाली. माझ्या नवऱ्याचीही तशीच झाली होती. त्याला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता, कारण त्या पक्षाचे विचार त्याने वाचले. आपल्याला हवं ते 'नो पार्टी प्रेफरन्स', अर्जावर नीट वाचून घ्या. आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीला ही खुली पद्धत लागू नाही. तेव्हा बिनपक्षी मतदाराला डेमोक्रॅटिक मतपत्रिका वेगळी मागावी लागते आणि रिपब्लिकन पक्ष ती देतच नाही.

---

बेळगावकर (डेट्रॉइटजवळ, मिशिगन)

श्री ठाणेदार यांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. बेळगावात वाढलेला, मराठी बोलणारा माणूस आज डेट्रॉइटचा खासदार आहे, तो प्रायमरीमुळे.

मिशिगनमध्ये पक्षाची नोंदच नाही. ऑगस्टच्या प्रायमरीत सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळते. एका रकान्यात डेमोक्रॅट, दुसऱ्यात रिपब्लिकन. घरी बसून, पडदा ओढून, तुम्ही कुठला रकाना भरायचा तो भरा, कुणाला कळत नाही. फक्त दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर पक्षांचा तो सगळा भाग बाद होतो. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांना ही पद्धत आवडेल.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटांचे नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं मिळाली, बावीस हजारांच्या आसपास. नोव्हेंबरात सत्तर टक्क्यांवर. म्हणजे लाखोंच्या मतदारसंघाचा खासदार बावीस हजार लोकांनी ठरवला. मराठी माणूस म्हणून मला आनंद झाला, अजून आहे. पण ज्यांना तो नको होता ते ७२ टक्के आठ जणांत वाटले गेले, हेही खरं. (२०२४ च्या प्रायमरीत मात्र त्यांना निम्म्याहून जास्त मतं पडली, तेव्हा तो प्रश्न उरला नाही.)

म्हणून नुसतं दार उघडून भागत नाही. नऊ उमेदवारांत एकच खूण करायची असेल तर खुल्या प्रायमरीतही थोड्यांचाच उमेदवार पुढे जातो. अलास्काने २०२० मध्ये यावर मार्ग काढला. प्रायमरी सगळ्यांना खुली, पहिले चार पुढे, आणि नोव्हेंबरात पसंतीक्रम लिहायचा, आपल्याकडे विधान परिषदेला लिहितात तसा. लिसा मर्कोव्स्की यांना २०१० च्या रिपब्लिकन प्रायमरीत हार पत्करावी लागली होती आणि मग मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने त्यांचं नाव लिहून त्यांना सिनेटवर पाठवलं. २०२२ ला नव्या पद्धतीत त्यांना हे करावं लागलं नाही.

---

विदर्भकन्या (वर्धा)

मी अमेरिकेत कधी गेले नाही, पण प्रायमरी आमच्या वर्ध्यात झालेली आहे.

२०१४ च्या लोकसभेच्या आधी काँग्रेसने देशभरातल्या मोजक्या जागांवर उमेदवार प्रायमरीने निवडायचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मत सगळ्यांना नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींना होतं. माझे काका तालुक्याचे पदाधिकारी, त्यांचं मत होतं. आयुष्यभर 'दिल्लीहून नाव येईल' ऐकलेला माणूस. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. आल्यावर म्हणाले, "पहिल्यांदा मले कोणी इचारलं."

सागर मेघे जिंकले. त्यांचे वडील दत्ता मेघे तेव्हा इथले खासदार होते. लोकसभेत भाजपचे रामदास तडस दोन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. लातूरही काँग्रेसच्या हातून गेलं. आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये दाखल झालं. काका त्यानंतर पक्षाच्या बैठकीला जात नाहीत. निवडणूक हरल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. ज्याला आपण निवडलं तोच निघून गेला, ते लागलं.

तुमच्याकडे सामान्य मतदार तिकीट ठरवतो हे वाचून मला हेवा वाटतो. आमच्याकडे ४३ टक्के नव्हे, जवळपास शंभर टक्के लोक त्या खोलीच्या बाहेर आहेत.

---

जाईजुई (एडिसन, न्यू जर्सी)

विदर्भकन्या, काकांचं वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं.

---

देवराई (डेन्व्हर, कोलोरॅडो)

पक्ष नसलेल्यांची संख्या का वाढते, याचं एक साधं कारण राहून गेलं. सगळेच काही पक्षांना कंटाळून बाहेर पडलेले नाहीत. ओरेगनने २०१६ पासून गाडीचा परवाना काढताना आपोआप मतदार नोंदणी सुरू केली. पक्ष निवडायचा तर नंतर टपालाने आलेलं कार्ड भरून परत पाठवायचं. बहुतेक लोक ते पाठवत नाहीत आणि आपोआप बिनपक्षी होतात. ओरेगनची प्रायमरी बंदिस्त आहे. म्हणजे राज्याने स्वतः लोकांना यादीत आणलं आणि त्यांच्या हातात कृष्णाकाठ यांना मिळाली तशीच रिकामी मतपत्रिका ठेवली.

आमच्या कोलोरॅडोत २०१६ ला कायदा बदलला. बिनपक्षी मतदाराला दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका एकाच पाकिटातून घरी येतात. एकच परत पाठवायची. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. आमच्या आईने पहिल्या वर्षी दोन्ही मन लावून भरल्या होत्या, पाकीट बंद करता करता थांबवलं तिला. आता दर जूनमध्ये जेवणाच्या टेबलावर आम्ही दोन्ही पसरतो, दोन दिवस वाचतो आणि मग एक फाडून टाकतो.

---

चाफेकळी (क्वीन्स, न्यूयॉर्क)

न्यूयॉर्कमध्ये तर आधी आणखी कडक होतं. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्षबदल आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात करावा लागत होता. ट्रम्प यांची मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही, कारण वेळेत नोंद केली नव्हती. २०१९ मध्ये कायदा बदलून ती मुदत १४ फेब्रुवारी केली, पण प्रायमरी बंदच आहे. २०२५ च्या जूनमध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी अँड्र्यू क्युमो यांना हरवलं तेव्हा शहरातले दहा लाखांहून जास्त बिनपक्षी मतदार बघत बसले होते. माझा मुलगा त्यातलाच. तो ममदानींचा प्रचार करत होता, दारोदार फिरत होता आणि स्वतः मत देऊ शकला नाही. मी त्याला फेब्रुवारीत दोनदा आठवण केली होती.

त्या खेपेला नोव्हेंबर तरी चुरशीचा झाला, कारण क्युमो आपल्याकडच्या बंडखोरांसारखे अपक्ष उभे राहिले. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला असं उभंच राहता येत नाही.

---

ऊसाचा_फड (डेस मॉइन्स, आयोवा. मूळ कोल्हापूर)

एक शेवटचं विचारतो. लोकांना जर हे एवढं हवं आहे तर २०२४ ला काय झालं? कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा, अॅरिझोना, मोंटाना, साउथ डकोटा, सगळीकडे प्रायमरी खुली करायचे प्रस्ताव मतदारांनीच पाडले. नेव्हाडात तर तोच प्रस्ताव २०२२ ला मंजूर झाला होता, दुसऱ्यांदा मंजुरी हवी होती तेव्हा नाकारला.

---

बेळगावकर (डेट्रॉइटजवळ, मिशिगन)

खरं आहे. त्यातल्या बऱ्याच प्रस्तावांत खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम दोन्ही एकत्र बांधले होते. लोकांना एक समजलं, दुसऱ्याची भीती वाटली. माझ्या मते ती चूक होती, वेगवेगळे मांडायला हवे होते. फ्लोरिडात २०२० ला फक्त खुल्या प्रायमरीचा प्रस्ताव होता, त्याला ५७ टक्के मिळाले, पण तिथे ६० लागतात म्हणून पडला. अलास्कात जुन्याकडे परत जायचा प्रस्ताव हजारापेक्षा कमी मतांनी पडला. वॉशिंग्टन डीसीत प्रायमरी खुली करायचा प्रस्ताव मंजूर झाला. न्यू मेक्सिकोत २०२५ मध्ये विधिमंडळानेच बिनपक्षी मतदारांना प्रायमरी खुली केली. उलट लुइझियानाने पन्नास वर्षांची खुली पद्धत काही पदांपुरती मोडून २०२६ पासून पक्षाची प्रायमरी आणायचं ठरवलं.

---

कृष्णाकाठ (फिलाडेल्फिया)

सगळ्यांचं वाचून काल रात्री वडिलांना फोन केला. आता ८१ वर्षांचे आहेत. सगळं सांगितलं: अर्ज, रकाना, आजी, रिकामा पडदा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मत गुप्त असतं. मतदार कुठं गुप्त असतो? यादी तर आम्ही आदल्या दिवशी शाळेच्या भिंतीला खळ लावून चिकटवायचो. लोक आपलं नाव बोटाने शोधायचे."

मी म्हटलं, पण त्या यादीत पक्ष नसायचा.

"नसायचा," ते म्हणाले. "पण तिकिटं कुठं ठरायची ते आम्हाला कधी कळलं का? तुला तिथं जाता येतंय ना? मग जा."

पेनसिल्व्हेनियात पक्षाची नोंद प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत बदलता येते, ऑनलाइन पाच मिनिटांत होते. आज सकाळी बदलली. कुठला पक्ष ते इथे लिहीत नाही, तेवढी घरची सवय राहू द्या. ऊसाचा_फड, तुमचं निम्मं ऐकलं असं समजा. कायदा बदलायला हवा हे माझं मत आहे तसंच आहे आणि त्यासाठी आमच्या भागातल्या राज्य प्रतिनिधीला पत्रही लिहिलं आहे. पण तो बदलेपर्यंत मी बाहेर थांबणार नाही.

बायकोचा नागरिकत्वाचा शपथविधी पुढच्या महिन्यात आहे. शपथ झाली की मतदार नोंदणीचा अर्ज हातात येईल. तो रकाना तिला आधीच दाखवून ठेवला आहे. काय लिहायचं ते तिने अजून सांगितलेलं नाही.